ट्यूबलाइटमधली वाळू

आमच्या सरांना तेलाच्या विहिरींचं वेड लागलं ते एका उन्हाळी वर्गामुळे. प्राध्यापकांसाठीच्या कसल्याशा वर्गाला ते दीड महिना गुजरातेत गेले होते, आणि तिथल्या लोकांनी एक दिवस सगळ्यांना बसमध्ये घालून तेलाची विहीर दाखवून आणली होती. एकच दिवस, तोही जेवणाच्या सुट्टीसकट. तेवढ्या भांडवलावर सरांनी पुढची तीन वर्षं काढली. संगमनेरला परत आले ते "आम्ही विहिरीवर होतो तेव्हा" असंच बोलायला लागले. अहमदनगर जिल्ह्यात तेलाची विहीर नव्हती. त्या सालात पाण्याचीही धड नव्हती. पण सरांना त्याचं काय?

मी त्यांच्या हाताखाली रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. नेमणूक तात्पुरती. दर जूनमध्ये सरांनी शिफारस केली तर पुढचं वर्ष, नाहीतर गावाकडे बैल वळायला मोकळा.

सरांना डॉक्टरेट हवी होती आणि विषय त्यांनी त्या बसच्या खिडकीतूनच उचलून आणला होता. तेलाची विहीर पाडताना पोकळ नळातून एक घट्ट द्रव खाली सोडतात. नळाच्या टोकाला खडक फोडणारं दातेरी पोलादी तोंड असतं, त्याला बिट म्हणतात. बिटानं केलेला चुरा हा द्रव उचलतो आणि नळाच्या बाहेरच्या अंगानं वर घेऊन येतो. पंप बंद पडला की चुरा खाली बसायला लागतो, आणि एकदा का तो बिटावर बसला की सगळं यंत्र अडकलं. म्हणून तो द्रव असा हवा, की पंप थांबला तरी चुरा जागच्या जागी लोंबकळत राहील. त्यासाठी त्यात गवारीच्या बियांची पूड घालतात. हो, तीच गवार. आपण तिची शेंग भाजीत घालतो आणि तीही घरात कुणी आवडीनं खात नाही. पण बियांची पूड पाण्यात पडली की असा चिकट लगदा होतो की बोट घातलं तर तार ओढते. या लगद्यात वाळूचा कण किती वेगानं खाली बसतो, एवढा सरांचा विषय. ऐकायला सोपा वाटतो. होताही. फक्त तो करायचा मी होतो.

लांब काचेची नळी कॉलेजात नव्हती आणि मागवायची तर वर्ष गेलं असतं. तेव्हा व्हरांड्यातल्या जळालेल्या ट्यूबलाइटी काढल्या, टोकं कापली, आतली पांढरी पूड धुतली आणि खाली बूच मारलं. त्यावर दर सहा इंचांना दोरा बांधला. वाळू प्रवरेच्या पात्रातली, सरांच्या घरच्या पीठचाळणीनं चाळलेली. पुढे त्या चाळणीवरून त्यांच्या घरात काय झालं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. स्टॉपवॉच खेळाच्या विभागाचं, मिनिटाला एकदा हलवलं नाही तर आपोआप विश्रांती घेणारं. सर खुर्चीत बसून "हं, सोड" म्हणत. मी वाळू सोडत असे, वेळ घेत असे आणि वहीत लिहीत असे. याला संशोधन म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

पुस्तकातलं सूत्र मधासारख्या साध्या द्रवाचं होतं, ते या लगद्याला लागू पडेना. सायकलचा छर्रा सोडला तर निमूट खाली जाई. बारीक वाळू मात्र मधेच थांबून राही. आणि काचेच्या कांडीनं सावकाश ढवळलं की तीच थांबलेली वाळू खाली सरकायला लागे. मला ते मोठं नवलाचं वाटलं. थांबल्यावर जे धरून ठेवतं ते हलवल्यावर सोडतं, हे का, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "तुला ढवळायला कोणी सांगितलं होतं?" तिथे तो प्रश्न संपला.

खरी अडचण वेगळीच होती. सोमवारी केलेला लगदा बुधवारी पाण्यासारखा पातळ व्हायचा, वाळू तळाला जायची आणि प्रयोगशाळेत मेलेल्या घुशीचा वास सुटायचा. गवारीची पूड म्हणजे शेवटी पीठच, नासणारच. पण सरांच्या मते चूक माझी. "तुम्हाला साधं वजन करता येत नाही?" रागावले की ते मला तुम्ही म्हणत. एकदा नाही, तीनदा, तेही एफ.वाय.च्या पोरापोरींसमोर. चौथ्या वेळी मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे बेडूक आणि साप बरण्यांमध्ये वर्षानुवर्षं टवटवीत बसलेले असत. तिथल्या गड्याकडून पाव बाटली फॉर्मलिन मागून घेतलं आणि लगद्यात थेंबभर सोडलं.

वास गेला. वाळू आठ दिवस लोंबकळत राहिली.

सरांनी प्राचार्यांना बोलावून आणलं. "आठ दिवस, साहेब. तेलाच्या विहिरीला याहून काय पाहिजे?" माझ्या पाठीवर हात मारून म्हणाले, "आता हात बसला तुझा." दीड वर्षात पहिल्यांदा चांगलं बोलले. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भीती होती म्हणा, पण खरं म्हणजे तो पाठीवरचा हात मला आवडला. लाचारीला एवढंसं पुरतं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाहेर बहात्तरचा दुष्काळ पडला होता. माझं गाव शनिशिंगणापूरपासून चार मैलांवर. मला चुलतीनं वाढवलं. आई नव्हती, तिनं ती जागा कधी रिकामी जाणवू दिली नाही. तेव्हा ती पन्नाशीला आली होती, गुडघे गेलेले. गावातले आड आटले होते, म्हणून दोन मैलांवरच्या एका विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी अशा दिवसाला तीन खेपा करायची. मी सुट्टीला गेलो की आंघोळीला पाणी काढून ठेवायची, आणि मी शहाणा पदवीधर त्यानं आंघोळ करायचो.

त्र्याहत्तर साल लागलं आणि टंचाईच्या यादीत आमच्या गावाचं नाव आलं. बोअरची गाडी येणार, सहा दिवस राहणार, बुधवारी आली तर सोमवारी काम संपवून मंगळवारी पुढच्या गावाला जाणार. पाणी लागो न लागो, एका गावाला एकच भोक. गाडीबरोबरचा मिस्त्री काष्टी गावचा होता. बुटका, काळा, फारसा न बोलणारा. आमच्याकडची जमीन नदीकाठची, वर गाळ आणि वाळू, भोक पाडलं की बाजू ढासळतात. अशा ठिकाणी तो काळी माती आणि शेण कालवून तो काला भोकात फिरवत असे. तेलाच्या विहिरीचं जे तत्त्व सर बसमधून शिकून आले होते, ते हा माणूस शेणावर दहा वर्षं चालवत होता. पण आमच्या गावात शेणच नव्हतं. जनावरं सगळी छावणीला गेलेली.

हे मी सरांना सांगितलं. कशाला सांगितलं? फुशारकी, दुसरं काय. आमच्या गावात बोअर होतंय, आमच्या विद्येचा उपयोग होईल, वगैरे. सरांचे डोळे चमकले. प्रबंधाला त्यांना प्रत्यक्ष भोकातला पुरावा हवा होता, आणि तेल नाही तर पाणी, भोक ते भोक. गवारीच्या पुडीची तीन पोती एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही गावात उतरलो. सर धोतरवाल्यांच्या गावात टाय लावून आले होते.

यंत्राशेजारी खड्डा खणला. त्यात तळ्याच्या तळाचं हिरवट पाणी गाडीनं आणून टाकलं. चुलती बघत उभी होती. म्हणाली, "पानी काढायला बी आदी पानीच लागतं व्हय?" मग पूड टाकली तर तिच्या डोक्याएवढ्या गुठळ्या झाल्या. सर खड्ड्याच्या काठावर उभे राहून इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होते. चुलतीनं पदर खोचला. "आवं, पिठल्यासारकं वरनं भुरभुरवा की. एकीनं भुरभुरवायचं, दुसरीनं हाटायचं." चार बायकांनी अर्ध्या तासात खड्डाभर लगदा एकजीव केला. सरांनी त्याचा फोटो काढला, बायकांना बाजूला व्हायला सांगून.

काम छान चाललं, ते मी नाकारत नाही. गुरुवारी शंभर फूट झाले. चुरा लगद्यात अडकून भराभर वर येत होता, आणि बायका रोज सकाळी त्यात ताजी पूड भुरभुरवत होत्या. मिस्त्री चुरा चिमटीत धरून बघायचा, दाताखाली धरायचा. शुक्रवारी दुपारी एकशे ऐंशी फुटांवर ओली भरड वाळू आली. त्यानं ती सरपंचाच्या तळहातावर ठेवली. "हिच्याखाली हाय. वीस-पंचवीस फूट ऱ्हायलं." सरपंच त्या वाळूकडे बघतच राहिला. बायका एकमेकींना वाळू दाखवायला लागल्या. चुलतीनं ती कपाळाला लावली.

पण दुसऱ्या दिवशी शनि अमावस्या होती. आमच्या भागात शनिवारी कुणी लोखंड विकत घेत नाही, मग शनि अमावस्येला ते जमिनीत घालणं दूरच. गाडीवरची चारही माणसं शुक्रवारी उन्हं कलल्यावर चालत शिंगणापूरला निघणार, ती रविवारी सकाळी परतणार. त्यावर वाद घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वाद झाला तो नळांवरून. काम थांबवायचं तर मिस्त्रीची रीत अशी, की आतले सगळे नळ वर काढून ठेवायचे. नऊ नळ काढायला अर्धा दिवस, परत घालायला अर्धा. म्हणजे सोमवारपर्यंत पाण्याला पोचतो की नाही याचीच पंचाईत.

सर म्हणाले, "काढायची काही गरज नाही. चुरा आहे तिथेच राहील."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, शेनकाल्यात मी कदी नळ आत ठिवून गेलो न्हाई. आन ह्ये तर पिठाचं. नासत न्हाई का ह्ये?"

"आठ दिवस राहिलंय आमच्याकडे." सरांनी गाडीच्या पत्र्यावर खडूनं सूत्र लिहिलं. ज्या सूत्राचं या लगद्याशी पटत नाही हे आमच्या वहीतल्या प्रत्येक पानावर लिहिलेलं होतं, तेच सूत्र. मिस्त्रीनं ते आदरानं पाहिलं, पण त्याचा चेहरा काही हलला नाही. तेव्हा सर म्हणाले, "यालाच विचारा. तुमच्या गावचा आहे. यानंच मोजलंय."

सगळे माझ्याकडे वळले. सरपंच, मिस्त्री, पन्नासेक माणसं, मागे पदर डोक्यावर घेतलेल्या बायका. फॉर्मलिनशिवाय हा लगदा दोन दिवसांत पाणी होतो आणि या खड्ड्यात फॉर्मलिन नाही, हे त्या पन्नास जणांत फक्त मला माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, नळ काढा. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण मग सरांनी विचारलं असतं, का? आणि आठ दिवसांची सगळी इमारत ढासळली असती आणि जूनमधली शिफारसही. शिवाय गावात पहिल्यांदाच मला कुणी काही विचारत होतं.

मी म्हणालो, "व्हय. आठ दिवस."

सर आणि मी त्या दिवशी गावातच राहिलो. शनिवारी मी खड्ड्याकडे फिरकलो नाही. भर पौषात दुपारचं ऊन चटके देत होतं, आणि खड्ड्यात तळ्याचं घाण पाणी होतं. मला सगळं दिसत होतं, जाऊन बघायची गरज नव्हती. सर सरपंचाच्या ओसरीवर बसून आखाती देशांबद्दल व्याख्यान देत होते आणि लोक दुधाचा चहा पाजत होते. त्या दिवसांत दूध कुठून आणलं कोण जाणे.

रविवारी सकाळी गल्लीतूनच वास आला. मिस्त्री तीर्थाहून आला तो तसाच खड्ड्याशी गेला, आत हात घातला आणि वर काढला. पाणी बोटांवरून सरळ ओघळलं, तार नाही की काही नाही. त्यानं हाताचा वास घेतला. मग सरांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, आठ दिवस म्हनला हुतात."

"तिथे राहिलं होतं," मी म्हणालो. माझं सगळं शिक्षण त्या तीन शब्दांत होतं.

यंत्र चालू केलं तर नळ फिरेना. शुक्रवारी भोकात तरंगत राहिलेला सगळा चुरा बिटावर जाऊन घट्ट बसला होता. रविवार गेला, सोमवार गेला. तारेचा दोर लावून ओढलं, पहारीनं पिळलं, पाणी मारलं. सोमवारी संध्याकाळी दोन नळ वर आले आणि तिसऱ्याचा सांधाच तुटला. उरलेले सात जमिनीत राहिले. मंगळवारी गाडी पुढच्या गावाला गेली. तुटलेल्या नळांबद्दल वरच्यांना काय सांगायचं म्हणून मिस्त्री गाडीत बसण्याआधी बराच वेळ एकटा उभा होता. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. आम्हाला रामराम केला आणि गेला.

गावानं निकाल लावायला वेळ लावला नाही. शनीचं लोखंड शनीच्याच अमावस्येला जमिनीत रोवून ठेवलं, मग तो सोडेल कसा? एस.टी.त सर कपाळाला हात लावून म्हणाले, "बघितलंस? या देशात विज्ञान रुजणं कठीण आहे. दोष मिस्त्रीचा, खड्डा उघडा ठेवलान, पाणी घाण वापरलन, आणि हे लोक शनीला धरून बसलेत." मी मान डोलावली. डोलवायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. पुढे प्रबंधात त्यांनी लिहिलं की प्रयोगशाळेत द्रव आठ दिवस टिकला, प्रत्यक्ष जागी मात्र अशिक्षित कामगारांच्या हयगयीमुळे निष्कर्ष मिळू शकले नाहीत. त्यांना डॉक्टरेट मिळाली. दारावर पितळी पाटी लागली. जूनमध्ये मला शिफारसही मिळाली, न मागता.

मी आयुष्यभर सरांना हसत आलो. स्टाफरूममध्ये त्यांच्या टायची, त्यांच्या बसमधल्या विहिरीची नक्कल करून मी कितीतरी चहा फुकट प्यालो. पण सर बिचारे आठ दिवस खरंच मानत होते. त्यांना खोटं कुणी सांगितलं होतं, हे त्या हसणाऱ्यांत कुणी कधी विचारलं नाही.

होळीला मी गावी गेलो तो शनिवार होता. गावातल्या बायकांनी तेव्हा एक नेम धरला होता. पाऊस पडेपर्यंत दर शनिवारी अनवाणी शिंगणापूरला जायचं, शनीची क्षमा मागायची, म्हणजे पुढच्या वेळी तरी तो पाणी अडवणार नाही. चार मैल जायचे, चार मैल यायचे, आणि पाण्याच्या तीन खेपा त्या दिवशीही चुकायच्या नाहीत. एक पहाटे करायची, दोन परत आल्यावर. बायकांना चौथऱ्यावर जाता येत नसे, खालूनच हात जोडून परत फिरायच्या.

चुलती पहाटेची खेप आणून नुकतीच टेकली होती. पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होती. टाचा भेगाळून लाल झाल्या होत्या, एका भेगेत चिंधी भरली होती. मी जवळ बसलो. चोळता चोळता ती म्हणाली, "एक इचारू का रं? तू शिकलेला हायेस, तिथं हजर हुतास. त्ये लोखंड खरंच त्यानं धरलं आसंल का? का आमी बाया उगंच चालतोय?"

मी तिच्या टाचेतली निसटलेली चिंधी आत सारली.

"न्हाई म्हनलास तर न्हाई जायची मी. ह्यो गुडगा लई दुकतो बग आता. तू म्हनशील त्ये खरं."

आत माझ्यासाठी आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं होतं. बाहेर बायका जमल्या होत्या, कुणीतरी तिला हाक मारली.

"आसंल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, भिंतीला धरून उठली, तेलाची वाटी घेतली आणि चालायला लागली.